निळ्या कोल्ह्याची दूरचित्रवाणीसाठी बाहुली कशी घडवावी

पंचतंत्राच्या ‘मित्रभेद’ या पहिल्या तंत्रात चंडरव नावाच्या कोल्ह्याची गोष्ट येते. भुकेने गावात शिरलेला हा कोल्हा कुत्र्यांच्या तावडीतून सुटण्यासाठी एका परटाच्या घरात घुसतो, निळीने भरलेल्या मोठ्या भांड्यात पडतो आणि निळाशार होऊन बाहेर येतो. जंगलातले प्राणी त्याला पाहून घाबरतात, तेव्हा ब्रह्मदेवाने आपल्याला ककुद्द्रुम या नावाने सर्व श्वापदांचा राजा केले आहे अशी थाप तो मारतो. मग तो सिंहाला अमात्य करतो, वाघाकडे शय्येची व्यवस्था सोपवतो, बिबट्याकडे विड्याचे काम देतो, लांडग्याला दारावर उभा करतो आणि स्वतःच्या जातीच्या सगळ्या कोल्ह्यांना अर्धचंद्र देऊन हाकलून लावतो. पुढे एके दिवशी दुरून कोल्ह्यांचा आवाज कानी येतो, त्याच्या अंगावर रोमांच उभे राहतात, डोळे आनंदाश्रूंनी भरून येतात आणि तो उठून उंच स्वरात कोल्हेकुई करू लागतो. तिथेच त्याचे सोंग उघडे पडते.

मुलांच्या कार्यक्रमासाठी या कोल्ह्याची बाहुली करायची ठरली की लक्ष आधी निळ्या रंगाकडे जाते. ते स्वाभाविक आहे; पण रंग ही गोष्टीच्या आरंभी घडणारी घटना आहे आणि ती घडून गेल्यावर बाहुलीला त्यात करण्यासारखे फारसे उरत नाही. बाहुलीचा कस लागतो तो शेवटच्या कोल्हेकुईत. तोंड घट्ट मिटून धरणे, अंगावर काटा येणे, मान वर जाणे आणि आवाज फुटणे, एवढे ज्या बाहुलीला जमेल तीच हा कोल्हा होऊ शकते. म्हणून मुस्कटाची लांबी, जबड्याची बांधणी, गळ्याचा रंग, पाठीचे केस आणि डोळे यांविषयीचे सगळे निर्णय त्या एका प्रसंगावर नजर ठेवून घ्यावेत, असे माझे ठाम मत आहे.

आधी गोष्ट ठरवावी

मूळ कथेत सत्य कळल्यावर वाघ-सिंह कोल्ह्याचे तुकडे करतात. चार ते आठ वर्षांच्या मुलांसमोर हा शेवट जसाच्या तसा दाखवू नये, हे बहुतेकांना पटेल. मात्र त्याऐवजी सगळ्यांनी हसून माफ केले आणि मेजवानी झाली असा शेवट केला, तर कोल्हेकुईला काही वजनच राहत नाही, कारण तिची किंमत कोणीच मोजलेली नसते. राज्य जावे, दरबार पांगावा आणि ज्या कोल्ह्यांना त्याने हाकलले त्यांच्यासमोर त्याला एकट्याने, निळ्या अंगानिशी, जावे लागावे. ते त्याला लगेच जवळ करतात की नाही, यावर पुढचे दोन-तीन भाग आरामात उभे राहतात.

दुसरी गोष्ट तात्पर्याची. पंचतंत्रात ही कथा दमनक हा धूर्त कोल्हा पिंगलक सिंहाला सांगतो, आणि आपल्यांना दूर करून परक्यांना जवळ करणारा नाश पावतो, हे त्याला सिंहाच्या मनावर ठसवायचे असते. त्यामागचा त्याचा हेतू संजीवक बैलाला सिंहापासून तोडण्याचा आहे. म्हणजे हे तात्पर्य एका कारस्थान्याच्या तोंडी आहे आणि ते जसेच्या तसे मुलांच्या पदरात घालण्याचे बंधन आपल्यावर नाही. ‘ज्याने त्याने आपल्या पायरीने राहावे’ असा अर्थ आजच्या मुलांपर्यंत जाता कामा नये. कोल्ह्याने राजा होणे ही चूक नव्हे. त्याने आपल्या माणसांना ओळख दिली नाही आणि त्यासाठी स्वतःचा आवाज दाबून ठेवला, ही चूक आहे. ती मुलांना सहज समजते, कारण वर्गात नवीन मित्र मिळाल्यावर जुन्या मित्राकडे पाठ फिरवणे हे त्यांनी पाहिलेले असते. संहिता लिहिताना दरबाराच्या प्रत्येक प्रसंगात एक तरी क्षण असा ठेवावा, जिथे कोल्हेकुई ओठांवर येते आणि तो ती गिळतो. हे क्षण बाहुलीने दाखवायचे आहेत, संवादांनी सांगायचे नाहीत.

बाहुलीचा प्रकार

सिंधुदुर्गात कुडाळजवळच्या पिंगुळी गावचे ठाकर कलावंत कळसूत्री बाहुल्यांचा खेळ करतात. त्या परंपरेत दोऱ्यांवर हलणाऱ्या लाकडी बाहुलीचा सगळा देह बोलतो, चेहरा स्थिर असतो, आणि प्रेक्षक काही अंतरावर बसलेला असल्यामुळे ते पुरेसे ठरते. यशवंत पाध्ये यांच्याकडून रामदास पाध्ये यांच्याकडे आलेला अर्धवटराव महाराष्ट्राने मनापासून पाहिला. तिथे बोलका बाहुला आणि शब्दभ्रमकार एकमेकांशेजारी असतात आणि त्या दोघांमधली जुगलबंदी हाच खेळ असतो. आपल्या कोल्ह्याशेजारी माणूस दिसायचा नाही आणि कॅमेरा त्याच्या चेहऱ्यापासून हातभर अंतरावर यायचा आहे. अशा कामासाठी तोंडात हात घालून चालवायची मऊ बाहुलीच योग्य.

हा प्रकार दूरचित्रवाणीच्या मापाचा केला तो अमेरिकी बाहुलीकार जिम हेन्सन यांनी. १९५५ मध्ये वॉशिंग्टनच्या एका केंद्रावरील छोट्या कार्यक्रमासाठी त्यांनी कर्मिट नावाचा बाहुला घडवला तो आईच्या जुन्या कोटाच्या कापडातून, आणि डोळ्यांसाठी पिंगपाँगचा चेंडू अर्धा कापून वापरला. त्यांनी बाहुल्यांच्या खेळातली रंगमंचाची चौकट काढून टाकली आणि पडद्याची चौकट हाच रंगमंच मानला. कर्मिटच्या डोक्यात कडक सांगाडा नव्हता, त्यामुळे हाताची प्रत्येक घडी थेट चेहऱ्यावर उमटत असे. निळ्या कोल्ह्यासाठी नेमका हाच गुण हवा आहे, कारण आवाज गिळताना त्याचे ओठ आवळले गेले पाहिजेत, आणि कडक पुठ्ठ्याच्या तोंडाला ते कधीच जमत नाही.

डोके आणि जबडा

आरंभी कोल्हा नीट पाहावा. मुलांच्या चित्रांच्या पुस्तकांत जो नारिंगी, गुबगुबीत आणि शेपटीच्या टोकाला पांढरा गोंडा असलेला प्राणी असतो, तो युरोपातला तांबडा खोकड आहे. आपल्या माळरानावरचा कोल्हा पिवळट तपकिरी रंगाचा असतो, त्याच्या पाठीवर काळसर केस मिसळलेले असतात, पाय काटकुळे असतात आणि शेपटीचे टोक काळे असते. मुस्कट निमुळते, पण लांडग्याइतके जड नसते. पंचतंत्रातला कोल्हा हाच आहे, तेव्हा बाहुलीही त्याच्यावरूनच बेतावी.

एकाच खाक्यावरून दोन बाहुल्या कराव्यात: एक तपकिरी आणि एक निळी. एकाच बाहुलीवर कापड बदलण्याचा प्रयोग दिसायला काटकसरीचा वाटतो, पण शिवणी उसवल्या की चेहरा सरकतो, आणि चेहरा सरकला तर हा तोच कोल्हा आहे यावरचा मुलांचा विश्वास उडतो. दोन्ही बाहुल्यांचे डोळे, नाक आणि कानांमधले अंतर मिलिमीटरपर्यंत सारखे ठेवावे.

डोक्यासाठी सोफा शिवणाऱ्यांकडे मिळणारा १२ मिलिमीटर जाडीचा फोम आणि तेच लोक वापरतात तो पिवळसर रबरी गोंद घ्यावा. हा गोंद दोन्ही कडांना पातळ लावून, तो हाताला चिकटेनासा झाल्यावर कडा एकमेकींवर दाबायच्या असतात. ओला असताना जोडल्यास शिवण सुटते. त्याचा वास डोक्यात जातो, म्हणून हे काम उघड्या खिडकीजवळ करावे आणि मुलांना त्यापासून लांब ठेवावे. प्रथम खाकी कागदाचा खाका कापून, चिकटपट्टीने जोडून, हातावर चढवून आरशात पाहावा. कागदावर जी चूक दिसते ती फोमवर दुरुस्त करणे फार महागात पडते. कवटीचा गोलावा येण्यासाठी फोमच्या कडेला पाचरीच्या आकाराचे काप घेऊन ते आपसांत जोडावेत. काप जितके खोल, तितका गोलावा जास्त.

लांब मुस्कट ही या बाहुलीतली खरी अडचण आहे. बोटे मुस्कटाच्या टोकापर्यंत पोहोचली नाहीत, तर टोक स्वतःच्या मर्जीने डुलते आणि कोल्हा बोलण्याऐवजी चघळतो आहे असे दिसते. म्हणून बोटे निदान पाऊण मुस्कटापर्यंत जातील एवढीच लांबी ठेवावी, पुढचा पाव भाग आतून पोकळ करावा आणि नाक लाकडाचे किंवा मातीचे न करता काळ्या कापडात गुंडाळलेल्या फोमचे करावे. माझ्या अंदाजाने डोक्याचे एकूण वजन ३०० ग्रॅमच्या आत राहिले पाहिजे. त्यापलीकडे गेले की पाच मिनिटांत मनगट खाली झुकू लागते आणि राजाचा रुबाब ओसरतो.

तोंडाच्या आतली तबकडी दोन भागांत करावी. मागचा, बिजागराजवळचा भाग थोडा ताठ असावा, म्हणजे जबडा प्रत्येक वेळी एकाच रेषेत उघडतो. पुढचा भाग मात्र बॅगेच्या पातळ रेक्झिनचा किंवा जुन्या मऊ चामड्याचा असावा, म्हणजे बोटे आत वळवली की वरचा ओठ चुरमडतो आणि खालचा त्याच्याखाली दडतो. बोटांसाठी वर एक पट्टा आणि अंगठ्यासाठी खाली एक पट्टा शिवावा. ते इतके घट्ट असावेत की हात उलटा झटकला तरी बाहुली सुटणार नाही. आतल्या बाजूला सुती अस्तर द्यावे, कारण दिव्यांखाली हाताला भरपूर घाम येतो.

डोळे

डोळ्यांवर जेवढा वेळ जाईल तेवढा थोडाच. टेबल टेनिसचा ४० मिलिमीटरचा चेंडू बरोबर मधोमध, जोडाच्या रेषेवर कापला की दोन सुबक अर्धगोल मिळतात. त्यांना लगेच चिकटवू नये. टाचण्यांनी डोक्यावर बसवून, बाहुली हातावर चढवून, तीन-चार पावलांवरून फोटो काढून पाहावेत. डोळे एकमेकांपासून दूर गेले की प्राणी भोळा आणि भेदरलेला दिसतो. जवळ आले की कावेबाज. आपल्या कोल्ह्याला दोन्ही हवे, म्हणून जागा मधलीच ठेवावी आणि कावेबाजपणा पापण्यांवर सोपवावा. डोळे आणि नाक यांचा जो त्रिकोण होतो त्यावर चेहऱ्याचे एकवटलेपण अवलंबून असते. हेन्सन यांचे सहकारी डॉन सालिन या त्रिकोणाबाबत फार काटेकोर असत.

बुबुळे अगदी मध्यभागी काढली तर नजर कुठेच लागत नाही. बाहुली कॅमेऱ्याच्या आरपार पाहते असे वाटते. ती नाकाच्या बाजूला किंचित सरकवावीत, म्हणजे दोन्ही डोळे समोरच्या एकाच बिंदूवर येतात आणि कोल्हा खरोखर कोणाकडे तरी पाहतो आहे हे मुलांना जाणवते. बुबुळ काळ्या कापडाचे कापून लावल्यास ते दिव्याखाली चमकत नाही. चकाकी पांढऱ्या भागावरच राहू द्यावी.

पापण्या काढघाल करता येतील अशा कराव्यात. राजेपणाच्या प्रसंगांत डोळ्यांचा वरचा तिसरा हिस्सा झाकणारी, बाहेरच्या बाजूने किंचित उतरलेली पापणी लावावी. तिच्यामुळे ककुद्द्रुम सगळ्यांकडे वरून पाहतो आहे असा भास होतो. दुरून कोल्ह्यांचा आवाज येतो त्या चित्रीकरणात पापण्या काढून टाकाव्यात. डोळे पूर्ण उघडताच तोच चेहरा एकदम पिल्लासारखा दिसतो. आनंदाश्रूंसाठी ग्लिसरिनचा एकच थेंब काडीने डोळ्याच्या खालच्या कडेला लावावा. पाणी घसरून जाते, ग्लिसरिन जागेवर राहते आणि बाजूचा दिवा त्यात चमकतो.

कातडे, गळा आणि पाठीचा काटा

खरी नीळ सुती कापडावर सुरेख चढते, पण बाजारात मिळणारी कृत्रिम फर ती धरत नाही, आणि गरम रंगात उकळल्यास फरचे केस गुंतून जातात. म्हणून मध्यम निळ्या रंगाचीच तयार फर घ्यावी आणि पाठीच्या कण्यावर, कानांच्या टोकांवर आणि पायांच्या खाली कापडाचा गडद रंग कोरड्या कुंचल्याने हलकाच ओढावा. सबंध अंग एकाच छटेचे असले की बाहुली दुकानातल्या खेळण्यासारखी दिसते. फार गडद निळा मात्र टाळावा, कारण कॅमेऱ्यात त्याचे केस दिसेनासे होतात आणि कोल्ह्याच्या जागी एक सपाट काळसर आकृती उरते. फर कापताना कात्री वापरू नये. उलट्या बाजूने, फक्त फरच्या मागचे कापड कापले जाईल अशा बेताने धारदार पाते फिरवावे, म्हणजे केस अखंड राहतात आणि शिवणीवर विंचरून घेतले की जोड नाहीसा होतो.

मूळ कथेतला कोल्हा नखशिखान्त निळा होतो. इथे मी मुद्दाम एक सवलत घेण्याचा आग्रह धरेन. हनुवटीखाली, गळ्यावर, तळहाताएवढा भाग तपकिरीच ठेवावा. मान सरळ असताना तो मुस्कटाखाली झाकला जातो आणि दरबारातल्या कोणालाही दिसत नाही. मान मागे टाकून कोल्हेकुई सुरू झाली की तोच भाग कॅमेऱ्यासमोर येतो. एकही शब्द न बोलता मुलांना कळते की हा राजा नव्हे, आपला चंडरव आहे. त्यासाठी मानेची फर थोडी सैल कापावी आणि गळ्याच्या बाजूला एक चुणी द्यावी, नाहीतर मान वर जाताना कापड ताणले जाते आणि जबडा आपोआप बंद होतो.

अंगावरचा काटा दाखवण्यासाठी मानेपासून कमरेपर्यंत लांब केसांच्या फरची दोन बोटे रुंद पट्टी वेगळी कापावी. ती एका लांबट कापडी घडीवर शिवावी आणि घडीची एकच कड पाठीला जोडावी, म्हणजे पट्टी एका बाजूला बिजागरीसारखी उचलली जाते. मोकळ्या कडेला चार ठिकाणी तंगूस, म्हणजे नायलॉनचा बारीक धागा, बांधून ते चारही धागे पाठीवर शिवलेल्या बारीक कड्यांमधून मानेजवळ एकत्र आणावेत आणि आतून बाहीच्या तळाशी एका अंगठीला बांधावेत. अंगठी दुसऱ्या हाताच्या करंगळीत घालून हळू ओढली की पट्टी मानेकडून शेपटीकडे उभी राहत जाते. चारही धाग्यांची लांबी किंचित कमी-जास्त ठेवल्यामुळेच ती लाट दिसते. सगळे धागे सारखे असले तर पट्टी झटक्यात उभी राहते आणि मुले हसतात. त्या क्षणी हसू येता कामा नये, तेव्हा या धाग्यांची लांबी जुळवण्यात एखादी दुपार गेली तरी ती सत्कारणी लागली असे समजावे.

पुढचे पाय साधे, फोम भरलेले असावेत आणि त्यांना तळव्याजवळून काड्या लावाव्यात. जुन्या छत्रीच्या काड्या यासाठी उत्तम असतात. त्या हलक्या, ताठ आणि बारीक असतात. पार्श्वभूमीला जुळेल असा, चमक नसलेला रंग त्यांना द्यावा. शेपटीत काही यंत्रणा घालू नये, तिचे वजन मागे ओढते.

बाहुली चालवणे

नवशिक्याचा कोल्हा हमखास छताकडे पाहतो, कारण हात वर ताठ धरला की मनगट मागे झुकते. मनगट पुढे वाकवून, बाहुलीच्या नाकाचे टोक समोरच्या भिंतीवर डोळ्यांच्या उंचीला लावलेल्या खुणेवर टेकेल अशी सवय करावी. संवाद नसताना केवळ नजर एका खुणेवरून दुसऱ्या खुणेवर नेण्याचा सराव आधी करावा. नजर स्थिर झाल्याशिवाय बोलण्याच्या सरावाकडे वळू नये.

बोलताना अंगठा खाली जावा, वरची चार बोटे जवळजवळ स्थिर राहावीत. वरची बोटे उघडली की प्रत्येक शब्दाला कोल्ह्याचे डोके मागे उडते. तोंड प्रत्येक अक्षराला सारखे उघडायचे नसते. ‘मी तुमचा राजा आहे’ हे वाक्य घ्यावे. ‘मी’ला ओठ मिटलेल्या स्थितीतून जेमतेम फट पडते, ‘तुम’ला तोंड पुन्हा मिटते, ‘चा’ला मध्यम उघडते, ‘रा’ला सर्वांत मोठे, ‘जा’ला त्याहून थोडे कमी, आणि ‘आहे’मध्ये ‘आ’वर उघडून ‘हे’वर अर्धे मिटते. प, फ, ब, भ, म या ओष्ठ्य वर्णांना तोंड मिटलेच पाहिजे, कारण मुले नकळत तेवढेच पाहत असतात. ‘ककुद्द्रुम’ हे नाव उच्चारताना शेवटच्या ‘म’वर जबडा ठामपणे मिटवून क्षणभर तसाच धरावा, राजाचा दिमाख त्या मिटण्यात दिसतो.

चालवणाऱ्याने बाहुलीकडे पाहू नये, समोर खाली ठेवलेल्या पडद्याकडे पाहावे. कॅमेरा जे टिपतो तेच प्रेक्षकाला दिसते आणि चालवणाऱ्यालाही तेच दिसले पाहिजे. इथे एक सूचना महत्त्वाची आहे. मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्याचे चित्र आरशासारखे उलटे दिसते, त्यावर सराव केला तर प्रत्यक्ष चित्रीकरणात डावे-उजवे चुकत राहते. मागचा कॅमेरा दूरचित्रवाणी संचाला जोडून, न उलटलेल्या चित्रावर पहिल्या दिवसापासून सराव करावा. आरंभी हात उलट्या दिशेला जातो. पुढे ते अंगवळणी पडते.

दोन कलाकारांच्या उंचीत फरक असेल तर ठेंगण्या कलाकाराच्या पायाखाली पाट द्यावा. गुडघे वाकवून उंची जुळवण्याचा प्रयत्न कोणी करू नये, कारण त्याने पाठ धरते.

दिवे, पडदा आणि कॅमेरा

निळ्या कोल्ह्यामागे निळा पडदा कधीही लावू नये. संगणकावर पार्श्वभूमी पुसताना कोल्हाही पुसला जातो. हिरवा पडदा चालतो, मात्र फरच्या कडांवर हिरवी झाक उतरते आणि केस-न्-केस सोडवणे वेळखाऊ असते. लहान चमूने जंगल कापडावर रंगवून घ्यावे, असेच मी सुचवेन. रंगवलेल्या झाडांसमोर कापडी कोल्हा शोभतो, आणि पार्श्वभूमीत पिवळा, तांबूस आणि सुक्या गवताचा रंग ठेवला तर निळा रंग आपोआप उठून येतो.

जुन्या पिवळ्या, तापणाऱ्या बल्बच्या प्रकाशात निळा अंश फार कमी असतो, त्यामुळे त्याखाली निळी फर मळकट दिसते. दिवसाच्या प्रकाशाशी जुळणारे पांढरे दिवे वापरावेत आणि कॅमेऱ्यातील रंगांचा समतोल त्यांच्यावरच बेतावा. एक दिवा समोरून तिरका, एक मागून वरून असावा. मागच्या दिव्यामुळे केसांच्या कडा उजळतात आणि पाठीचा काटा उभा राहिलेला दिसतो. आपल्याकडे विजेची वारंवारता ५० हर्ट्झ असल्यामुळे सेकंदाला २५ चौकटी आणि १/५० सेकंदाचा शटर ठेवला की दिव्यांची लुकलुक चित्रात येत नाही.

आवाज देणारा आणि बाहुली चालवणारा एकच असावा. नंतर आवाज भरण्याची पद्धत सोयीची असली तरी श्वास आणि जबडा यांचा मेळ हरवतो. छोटा मायक्रोफोन कपाळावरच्या पट्टीला लावावा, म्हणजे मान कशीही वळली तरी तोंडापासूनचे अंतर बदलत नाही. कोल्ह्यासाठी असा आवाज निवडावा, जो दिवसभर ताण न पडता काढता येईल. राजेपणी तो मुद्दाम खालच्या पट्टीत, सावकाश बोलावा, म्हणजे कोल्हेकुईचा उंच स्वर त्याच्या नेहमीच्या बोलण्याहून स्पष्ट वेगळा पडतो.

कोल्हेकुईचे चित्रीकरण समोरून करू नये. मुस्कट वर गेले की समोरच्या कॅमेऱ्याला नुसती हनुवटी दिसते आणि तोंड नाहीसे होते. बाहुली पाऊण बाजूला वळवावी आणि कॅमेरा तिच्या छातीच्या उंचीवर आणावा. मग गळ्याचा तपकिरी भाग, उघडा जबडा आणि एक डोळा असे तिन्ही एकाच चौकटीत येतात. दूरचा आवाज ऐकू आल्यावर आधी फक्त कान थरथरावेत. त्यासाठी डोके किंचित हलवले तरी पुरते. मग नजर आवाजाच्या दिशेने जावी, बोटे आत वळवून ओठ आवळावेत आणि ती स्थिती दोन-तीन सेकंद, हात दुखला तरी, सोडू नये. या वेळात करंगळीतील अंगठी हळूहळू ओढली जावी. मान वर जाताना कोपरापासून जावी, केवळ मनगटातून नव्हे. लांबलेल्या ‘ऊ’ला जबडा थोडासाच उघडा आणि निश्चल असावा, तो फडफडला तर रडणे वाटते, शेवटच्या तुटक स्वरांना मात्र तो भराभर उघडमिट व्हावा. दरबारातले इतर प्राणी या काळात हलता कामा नयेत. सिंहाने मान वळवायची ती कोल्हेकुई पूर्ण संपल्यावर आणि सगळ्यांत शेवटी.

पुढच्या भागांत कोल्ह्याचा रंग ओसरत जाताना दाखवायचा असेल, तर निळ्या बाहुलीवर पाण्याचे प्रयोग करण्यापेक्षा नाक आणि पंजांपासून आरंभ करून तपकिरी फरचे तुकडे एकेका भागात वाढवत न्यावेत. तुकडे आधीच कापून, क्रमांक घालून ठेवावेत.

चित्रीकरण संपल्यावर बाहुली उलटी करून तिचे अस्तर पंख्याखाली पूर्ण सुकवावे. ओली बाहुली बंद पेटीत ठेवली की पावसाळ्यात दोन दिवसांत तिला बुरशीचा वास येऊ लागतो. तिला प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवू नये. सुती कापडात गुंडाळून, मुस्कटात जुन्या पातळ कापडाचा बोळा भरून, उभ्या दांडीवर चढवून ठेवावी. फोम उजेडाने पिवळा पडतो आणि काही वर्षांनी त्याचा भुगा होऊ लागतो, तेव्हा कागदी खाका, डोळ्यांची मापे आणि फरचा एक नमुना आरंभापासून वेगळ्या पाकिटात जपून ठेवावा, म्हणजे नवे डोके करण्याची वेळ येईल तेव्हा चेहरा तोच राहील.